स्टॉपर उशिरा पिकतो

पत्र : माझा मुलगा साडेसतरा वर्षांचा आहे, बारावी कॉमर्सला. आठवीपासून फुटबॉल खेळतो. आधी फॉरवर्ड होता, गेल्या वर्षी सरांनी त्याला मागे स्टॉपरला घातलं. तेव्हापासून ह्यांचं एकच पालुपद, ‘ज्याला काही जमत नाही त्याला मागे उभं करतात.’ दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. त्यात आता एक एजंट भेटलाय. साडेतीन लाख भरा, पोर्तुगालच्या क्लबात ट्रायल आणि करार करून देतो म्हणतो, पण याच महिन्यात ठरवा, नाहीतर वय निघून जाईल. मुलगा बारावी सोडायला तयार आहे. एका कोचने तर तोंडावर सांगितलं, पाच फूट आठ इंचाचा स्टॉपर कुठे असतो का! मी कोणाचं ऐकू? आणि त्याला नऊ हजारांचे बूट हवेत, ते तरी घ्यावेत का?
— एक आई, ऐरोली

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न चार-पाच आहेत, पण सगळ्यांच्या मुळाशी ‘वय निघून जाईल’ ही एकच भीती आहे. आधी तिचाच निकाल लावू.

वय लवकर निघून जातं ते विंगरचं, म्हणजे मैदानाच्या कडेने पळत हल्ला करणाऱ्याचं, कारण त्याचं भांडवल वेग. स्टॉपर म्हणजे गोलसमोर मधोमध खेळणारा डिफेंडर. त्याचं काम पायांइतकंच डोळ्यांचं असतं. समोरचा कुठे पळणार, बॉल कुठे पडणार, आपला जोडीदार कुठे चुकणार हे आधी दिसायला शेकडो मॅचेस लागतात. मुंबईचा राहुल भेके भारताकडून पहिली मॅच खेळला २०१९ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. त्याच वर्षी मार्चमध्ये अंधेरीत झालेल्या आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) फायनलमध्ये ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून त्याने बंगळुरूला कप मिळवून दिला होता. केरळचा अनस एडाथोडिका भारताकडून पहिल्यांदा उतरला २०१७ मध्ये, तेव्हा त्याला तीस पूर्ण झाली होती. दोघेही डिफेंडर. तुमच्या मुलाकडे वर्षं भरपूर आहेत. घाई एजंटला आहे.

आता मुलाच्या बाबांचं. त्यांना समजावत बसू नका, येत्या मॅचला सोबत न्या. अट एकच : पहिली पंधरा मिनिटं बॉलकडे बघायचं नाही, फक्त पोराकडे. बॉल लांब असताना तो मान वळवून खांद्यामागे किती वेळा बघतो ते मोजायला सांगा. समोरच्या टीमने बॉल मागे दिला की तो चार पावलं वर येतो का, आणि बाकीच्या बॅकना ‘लाइन!’ म्हणून ओरडून वर आणतो का? पास सुटताना हल्लेखोर बॉलच्या पुढे असेल आणि आपल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे गेला असेल, तर ऑफसाइड होऊ शकतो. त्या शेवटच्या दोघांतला एक बहुतेक वेळा गोलकीपरच असतो. म्हणजे एक बॅक जरी दोन पावलं मागे रेंगाळला, तरी बाकीच्या तिघांची मेहनत पाण्यात. हे ओरडणं आणि हलवणं ज्याच्याकडे असतं तो स्टॉपर. काहीच न जमणाऱ्याला कोणता कोच त्या जागी उभा करेल?

फॉरवर्डला मागे आणण्यामागे बहुतेकदा दोन कारणं असतात. त्याचा पहिला टच, म्हणजे आलेला बॉल पायात घेणं, चांगला असतो, आणि हल्लीच्या टीम्स गोलकीपरपासूनच पासिंग सुरू करतात, त्यामुळे स्टॉपरला प्रेशरखाली पास द्यावा लागतो. दुसरं, फॉरवर्ड कुठे पळ काढतो हे त्याला स्वतःच्या अनुभवाने कळतं. पण जुनी खोडही सोबत येते : बॉल दिसला की झडप. वन-ऑन-वनमध्ये त्याचं काय होतं ते जवळून बघा. छाती सरळ समोर ठेवून उभा राहिला, तर फॉरवर्ड कोणत्याही बाजूने निघून जातो आणि याला वळायलाच एक सेकंद लागतो. एक खांदा पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, अंतर सुरुवातीला दीड-दोन मीटर. मग मागे सरकत सरकत त्याला टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, ढकलत न्यायचं. जवळ जायचं ते हात लांबवला तर जेमतेम लागेल इतकंच. पाय घालायचा क्षण एकच, फॉरवर्डचा टच मोठा पडून बॉल त्याच्या पायापासून सुटतो तेव्हा. त्याआधी घातलेला पाय म्हणजे निम्म्या वेळा फाउल आणि उरलेल्या वेळा गोल.

जर्सी ओढायची सवय असेल तर आत्ताच मोडा. गोलची उघड संधी असताना बॉक्समध्ये (गोलसमोरच्या चौकोनात) बॉल खेळायच्या खऱ्या प्रयत्नात फाउल झाला, तर पेनल्टी आणि पिवळं कार्ड. धरलं, ओढलं किंवा ढकललं, तर पेनल्टी आणि वर लाल.

उंचीबद्दल त्या कोचने अर्धवट खरं सांगितलंय. उंच मुलाला स्टॉपर म्हणून पहिली पसंती मिळते, ट्रायलमध्ये तर जास्तच. पण फाबियो कानावारो पावणेसहा फुटांचा होता, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा एक इंच जास्त. २००६ चा वर्ल्ड कप त्याने इटलीचा कॅप्टन म्हणून उचलला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा बलोन दोर पुरस्कारही त्यालाच मिळाला. बुटक्या स्टॉपरला दोन गोष्टी घोटाव्या लागतात. पहिली, उडी : जागेवरून दोन्ही पायांनी नाही, दोन-तीन पावलं घेऊन एका पायावर, आणि समोरच्याच्या किंचित आधी. दुसरी, बॉल हवेत असतानाच अंगाला अंग लावून त्याच्या आणि गोलच्या मध्ये जागा धरायची, म्हणजे सहा फुटी माणसालाही मोकळी उडी मिळत नाही. शिवाय त्याला राइट बॅकची जागाही शिकू द्या. भेके दोन्ही जागी खेळत आलाय. दोन जागा येणाऱ्याला बेंचवरून मैदानात यायची संधी जास्त मिळते.

आता ते साडेतीन लाख. देऊ नका. फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा पूर्ण होण्याआधी खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत, जसे की आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिथे राहायला गेले तर. तुम्ही ऐरोलीतच राहणार, म्हणजे साडेसतराव्या वर्षी कराराचं वचन देणाऱ्याला एकतर नियम माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही हे त्याला माहीत आहे. अशा सौद्यातून पदरी पडतो तो बहुतेकदा टुरिस्ट व्हिसा, काही आठवड्यांचा पैसे भरून केलेला कॅम्प आणि जर्सीतले फोटो. खरा एजंट फिफाची परीक्षा देऊन लायसन्स घेतो, त्याचं नाव फिफाच्या वेबसाइटवर शोधता येतं, आणि त्याची कमाई खेळाडूच्या करारातून टक्क्यांनी येते. अल्पवयीन मुलाशी बोलण्याआधी त्याला पालकांची लेखी संमती लागते. या माणसाला फक्त लायसन्स नंबर विचारा. पुढचा फोन येईल असं वाटत नाही.

मग करायचं काय? बारावी द्यायची. स्टॉपर उशिरा पिकतो म्हटल्यावर फेब्रुवारीच्या परीक्षेसाठी खेळातून दोन महिने कमी झाले तर आभाळ कोसळत नाही. कॉलेजची हजेरी आणि प्रॅक्टिस जुळतच नसेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, मात्र त्याची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, म्हणून कॉलेजात लगेच चौकशी करा. मुलाला ‘आधी अभ्यास, मग खेळ’ हे ऐकवू नका, ते त्याने हजारदा ऐकलंय. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, रेल्वे आणि बँका खेळाडू घेतात, आणि सगळीकडे मार्कशीट लागते, हे सांगा. स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं एका फाइलीत ठेवा, नोकरीच्या वेळी त्यांची सरकारी पडताळणी होते.

हे सांगायला आणखी एक कारण आहे. २०२५ च्या जुलैत आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवला गेला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगची ही अवस्था होऊ शकते, तर खालच्या लीगमध्ये पोराच्या हातात दुसरं काहीतरी असायलाच हवं.

खेळाच्या बाजूने त्याला हव्यात अकरा-अकराच्या, पूर्ण ९० मिनिटांच्या मॅचेस. नवी मुंबईत बॉक्स टर्फ गल्लोगल्ली झालीत आणि पोरं रात्री अकरापर्यंत तिथे फाइव्ह-अ-साइड खेळतात. फॉरवर्डला त्याने फायदा होतो, स्टॉपरचं नुकसानच : तिथे ऑफसाइड नसतो, उंच बॉल जाळीला लागतो, लाइन धरायची वेळच येत नाही. आठवड्यात एकदा मजा म्हणून ठीक. त्यापेक्षा मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनचा एखादा क्लब शोधा, जिथे तो सुरुवातीपासून खेळेल. मॅच दक्षिण मुंबईत कूपरेजच्या मैदानावर असली तर ठाण्याला गाडी बदलून दोन तास धरा. मोठ्या क्लबाच्या बेंचपेक्षा छोट्या क्लबातल्या मॅचचा पंचाहत्तरावा मिनिट त्याला जास्त शिकवेल. एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) ऑनलाइन नोंदणीत त्याचं नाव, जन्मतारीख बरोबर आहे ना ते बघा. जन्मदाखल्यात खाडाखोड किंवा उशिराची नोंद असेल तर वयाची शंका येते आणि मनगटाचा एक्स-रे काढायची पाळी येते.

क्लबांना पाठवायच्या व्हिडिओबद्दल एक सूचना. टॅकलचे, म्हणजे बॉल हिसकावतानाचे, तुकडे संगीत लावून जोडू नका. टॅकल दिसतो, पण टॅकलची वेळच का आली ते दिसत नाही. दोन पूर्ण मॅचेस, वरच्या कोनातून, जर्सी नंबर लिहून पाठवा.

उद्या एखाद्या भारतीय क्लबाने कागद पुढे केला, तर सही अठराच्या आधी तुमचीही लागेल, म्हणून नीट वाचा. फिफाच्या नियमात अल्पवयीन खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. मेडिकल पास झाली तरच करार खरा, असं कलमही चालत नाही, मेडिकल आधी करून घ्यायची. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन, पंधरा दिवस वाट पाहून करार मोडता येतो. पण सगळ्यात जास्त भांडणं होतात ती दोन जागी : क्लब सोडताना लागणारी एनओसी (ना हरकत पत्र) कधी आणि कशी मिळणार, आणि गुडघा गेला तर एमआरआय, ऑपरेशन आणि फिजिओचा खर्च कोणाचा. तोंडी ‘बघू ना, आपलाच मुलगा आहे’ म्हणाले तर तेच वाक्य ईमेलवर मागा.

गुडघ्याचं गंभीरपणे घ्या. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट, फाटला तर ऑपरेशननंतर साधारण नऊ महिने मैदान बंद. संदेश झिंगनसारख्या भारताच्या पहिल्या पसंतीच्या स्टॉपरचा २०१९-२० चा अख्खा हंगाम गुडघ्यापायी गेला, आणि तो परत आला कारण घाई केली नाही. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वॉर्म-अप आहे, २० मिनिटांचा : ८ मिनिटं सावकाश धावणं, १० मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी २ मिनिटं वेगात धावणं. त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग अनेक पोरं टाळतात, कारण दुखतो. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून अंग सावकाश पुढे सोडायचं. सुरुवातीला ३ ते ५ वेळा, जमलं की ७ ते १०, मग १२ ते १५. पहिल्याच दिवशी पंधरा केले तर दोन दिवस जिना उतरता येणार नाही.

खाण्याचं थोडक्यात : ६५ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रोटीन. चार अंडी, अर्धा लिटर दूध, दीडशे ग्रॅम चिकन, आणि राहिलेलं डाळ-उसळीतून. पावडरच्या डब्याची गरज नाही.

आणि बूट. नऊ हजारांचे आत्ता नकोत, पण योग्य तळव्याचे घ्याच. त्याची प्रॅक्टिस आर्टिफिशियल टर्फवर होत असेल तर ‘एजी’ किंवा बारीक रबरी गुट्ट्यांचे टर्फ शूज लागतात. गवतासाठीचे ‘एफजी’ तिथे घातले की स्टड रुततात, पाय जागीच अडकतो, शरीर वळतं आणि भार गुडघ्यावर येतो. पुढे अंगठ्याच्या जागी अर्ध्या बोटाची फट पुरे, ‘वाढत्या पायाला’ म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका. संध्याकाळी जाऊन, खेळतानाचेच मोजे घालून ट्राय करा. घरात जुने एफजी असतील तर टाकू नका, गवताच्या मैदानावर मॅच असली की तेच लागतील.