पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवायचंय? मग बीएडच्या मागे लागू नका

भाऊ, रामराम. चिठ्ठी मिळाली. मुलगी आर्ट्समधून बारावी ५८ टक्क्यांनी पास झाली, तिला लहान पोरांनाच शिकवायचंय, तुमचे साडू म्हणतात आधी बीए मग बीएड कर म्हणजे मोठी पोस्ट मिळेल, आणि चोपड्यात कोणीतरी तुम्हाला सांगितलं की एक वर्षाचा नर्सरी टीचरचा कोर्स केला की सरकारी नोकरी पक्की. कापूस विकून फी भरायची म्हणून तुम्ही घाबरलेले आहात, ते बरोबरच आहे.

आधी त्या एक वर्षाच्या कोर्सचं सांगतो, आता पैसे भरू नका. त्या सर्टिफिकेटवर प्रायव्हेट नर्सरीत काम मिळू शकतं, पगार बहुतेक ठिकाणी तुटपुंजा असतो, पण झेडपीच्या शाळेत त्यावर लागता येत नाही, त्यामुळे नोकरी पक्की म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

साडूंचं म्हणणं पूर्वी थोडंफार चाललं असतं, पण ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की पहिली ते पाचवीला शिकवायला बीएड चालत नाही. बीएडवाले पोरांना शिकवायला कमी असतात असं नाही, पण सहा वर्षांच्या पोराला अक्षर कसं ओळखायला लावायचं याची ट्रेनिंग वेगळी असते आणि ती डीएलएडमध्ये मिळते, ज्याला आपण अजून डीएडच म्हणतो. दोन वर्षांचा कोर्स, बारावीच्या मार्कांवर ऑनलाइन अ‍ॅडमिशन, ओपनला ४९.५ टक्के आणि राखीवला ४४.५ टक्के लागतात, म्हणजे तुमची पोरगी बसते. फॉर्म भरताना सरकारी आणि अनुदानित कॉलेजं वर टाका, फीमध्ये फार फरक पडतो, आणि विनाअनुदानितला जायची वेळ आलीच तर एनसीटीईची, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजांना परवानगी देणाऱ्या केंद्रीय संस्थेची, मान्यता बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता नोकरीचं खरं सांगतो, कारण इथेच लोक अर्धवट सांगतात. डीएलएडनंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावी लागते, पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, १५० मार्कांचा, ओपनला ९० मार्क लागतात, एकदा पास झाली की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. मग टेट, म्हणजे अभियोग्यता परीक्षा, २०० मार्कांची, आणि त्या मार्कांवर पवित्र पोर्टल या सरकारच्या शिक्षकभरतीच्या वेबसाइटवरून भरती. ही टेट पहिल्यांदा २०१७ ला झाली, नंतर थेट २०२३ ला, मग २०२५ ला. मधल्या काळात किती पोरं-पोरी वाट बघत बसल्या विचार करा! म्हणून डीएलएड झालं की घरी बसवून ठेवू नका, प्रायव्हेट शाळेत शिकवू दे आणि मुक्त विद्यापीठातून बीए पूर्ण करू दे, पुढे सहावी ते आठवीची दारं त्यानेच उघडतात. सरकारीत लागली तरी पहिली ३ वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिन्याला १६ हजार मानधन असतं, मग पूर्ण पगार.

पण भाऊ, या सगळ्याच्या आधी एक करा. फॉर्म निघायच्या आत तिला गावातल्या झेडपी शाळेत पहिलीच्या वर्गात आठवडाभर बसू द्या, हेडमास्तरांना विचारलं तर नाही म्हणणार नाहीत. मी धडगावकडच्या आणि आपल्या बाजूच्याही शाळा बघितल्यात, तिथलं मूल घरात पावरी, भिली नाहीतर अहिराणी बोलतं आणि पुस्तक असतं प्रमाण मराठीत. पोरगं म्हणतं "बाई, माले भूक लागनी" आणि बाई म्हणाली "नीट बोल" की ते दिवसभर गप्प बसतं. दुसरी बाई आधी अहिराणीतच उत्तर देते, जवळ घेते, मग हळूच म्हणते, मला भूक लागली, आणि तेच पोरगं आठ दिवसांत दोन्ही बोलायला लागतं. हीच बाई पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून दशक-सुट्टे शिकवते, वही नंतर. तुमच्या पोरीला अहिराणी येते ही फार मोठी गोष्ट आहे, ती लपवायला शिकवू नका.

त्या आठवड्यात पोरांचा गोंधळ, रडणं, शेंबूड पुसणं बघून ती वैतागली तर आत्ताच कळेल, आणि संध्याकाळी घरी येऊन कोणत्या पोराला काय आलं तेच सांगत बसली तर मग साडूंचं ऐकत बसू नका, सरळ फॉर्म भरा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर लागत असेल तर तो आणि डोमिसाईल आत्ताच काढायला टाका, ऐन फॉर्मच्या वेळेला सेतूवर फार गर्दी होते. आणि तिलाच मला लिहायला सांगा, पहिलीत बसून तिला काय दिसलं ते मला तिच्याकडूनच वाचायचंय.