बीएमआय नॉर्मल आहे, म्हणजे हृदयविकाराचा धोका नाही असं समजायचं का?

नाही, तसं समजू नका. बीएमआय फक्त वजन आणि उंची बघतो, चरबी कुठे साठली आहे हे त्यातून कळत नाही. पोटाच्या आत, यकृत-आतड्यांभोवती साठलेली चरबी जास्त घातक. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासातही हार्ट अटॅकशी बीएमआयपेक्षा कंबर-नितंब गुणोत्तराचा संबंध जास्त घट्ट आढळला.

मला सोपं वाटतं ते कंबर आणि उंचीचं प्रमाण. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडून मोजा. पोट आत ओढू नका, नकळत ओढलं जातंच! कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, म्हणजे उंची 164 सेंमी असेल तर कंबर 82 सेंमीच्या आत. जास्त भरली तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. सिगारेट ओढत असाल तर माप चांगलं आलं तरी तपासाच.