धावायचे बूट आरामदायी आहेत का आणि पावसात घसरतील का, हे नीट कसं तपासायचं?

तुमची अडचण थोडक्यात अशी, की बूट घालून पाहिले तेव्हा मऊ लागले, सोलची नक्षीही चांगली खोल होती, तरी पहिल्याच पावसात ओल्या फरशीवर ते सटकायला लागले. मग बघायचं तरी काय?

आधी नक्षीचं बघू. ओल्या डांबरावर बूट किती धरेल, हे खाचांवरून फारसं कळत नाही. गाडीच्या टायरला खाचा लागतात, कारण वेगात टायरखाली पाण्याचा थर अडकतो आणि टायर त्यावर तरंगायला लागतो. माणूस तेवढ्या वेगाने धावत नाही. पाऊल टेकलं की भारानेच बरंचसं पाणी बाजूला सरतं, आणि मग प्रश्न उरतो रबर कसलं आहे याचा. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत जाऊन बसतं, कडक रबर वरच्यावर टेकतं. चिखलात मात्र हिशोब वेगळा. तिथे चार-पाच मिलिमीटर उंचीचे, एकमेकांपासून लांब असलेले दातेच हवेत, म्हणजे ते मातीत रुततात आणि मधला चिखल झडतो. असे दातेरी बूट गुळगुळीत ओल्या फरशीवर घातले, तर उलट रबर कमी टेकतं आणि जास्त घसरायला होतं.

म्हणून बूट उलटा करा आणि रबर नेमकं कुठे आहे ते बघा. वजन वाचवायला बऱ्याच बुटांत टाचेला आणि चवड्याला रबराचे तुकडे चिकटवतात आणि मधला फोम तसाच उघडा ठेवतात. हा उघडा फोम ओल्या फरशीवर लवकर सटकतो. मी दोन जागा बोट फिरवून तपासतो: टाचेची बाहेरची कड, कारण बऱ्याच जणांचं पाऊल तिथे आधी टेकतं, आणि अंगठ्यामागचा चवड्याचा भाग, कारण जोर तिथून लागतो. मग नख दाबून बघा. टाचेला बहुतेक वेळा कार्बन रबर असतं. ते टिकतं, पण कडक असतं. चवड्याला ब्लोन रबर, म्हणजे हवेने फुगवलेलं रबर, वापरतात. ते हलकं आणि मऊ, पण लवकर झिजतं. नखाची परीक्षा काही शास्त्रीय नाही, पण दोन जोड शेजारी ठेवले की फरक लगेच हाताला लागतो. सोलवर कॉन्टिनेंटल किंवा व्हायब्रम मेगाग्रिप अशी पकडीसाठी नावाजलेल्या रबरांची नावं कोरलेली दिसली तर चांगलंच, फक्त ते रबर सोलच्या किती भागावर आहे तेही बघा.

कोऱ्या बुटांवर मात्र लगेच शिक्का मारू नका. साच्यातून निघालेल्या सोलवर एक गुळगुळीत चकाकी असते. कोरड्या, खरखरीत रस्त्यावर थोडं धावून ती गेली की मगच ओल्यात उतरा. कठड्याला धरून ओल्या फरशीवर एका पायावर भार द्या आणि पाऊल पुढे ढकलून बघा, मग हळू धावा, मग वळा. त्याच जागी जुना जोड घालूनही बघा. तुलनेशिवाय ‘बरी पकड’ या शब्दांना काही अर्थ नाही. रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं वेगळी तपासा. शेवाळावर तर कुठलाच बूट धड टिकत नाही, त्याचा दोष सोलला देऊ नका.

आता एक गोष्ट जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ओल्यात घसरल्यासारखं वाटतं तेव्हा दर वेळी बूट रस्त्यावर सरकलेला नसतो. कधी कधी पाय बुटाच्या आत सरकलेला असतो. भिजलेला मोजा, त्याखाली हललेला इनसोल (बुटातली सुटी गादी) आणि किंचित सैल टाच, एवढं पुरतं. ओळखायचं असं: लेस घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून घालून दोन्ही बाजूंना लहान फासे करा, समोरासमोरच्या फाशातून लेसची टोकं ओवा आणि ओढून बांधा. टाच जागेवर बसते. आता त्याच ओल्या वळणावर घसरणं थांबलं, तर सोल ठीक आहे, बिघाड मापात आहे.

म्हणूनच आराम फक्त उभं राहून जोखू नये. धावण्याच्या हालचालींचे अभ्यासक बेन्नो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये असा विचार मांडला की बूट निवडताना धावणाऱ्याला स्वतःला जो आरामदायी वाटतो तोच बहुधा योग्य, आणि त्याने दुखापतीचा धोकाही कमी होत असावा. मला हे पटतं, पण तो आराम धावतानाचा हवा. उभ्याने गादीसारखा लागणारा फोम वळताना डुगडुगतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, नेहमीचे मोजे घालून बघा. बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि टाच उचलली जाऊ नये.

बूट ठेवायचे ठरले की मुद्दाम भिजवून थोडं धावा. कोरड्यात न जाणवलेली शिवण ओल्यात करंगळीला लागते, कारण ओलसर कातडीवर घर्षण वाढतं आणि फोड येतात. सुती मोजे तर पाणी धरूनच बसतात. वॉटरप्रूफ बूट मी धो धो पावसात टाळतो. घोट्याकडून पाणी आत शिरलं की ते बाहेर पडत नाही. त्यापेक्षा पातळ जाळीचा बूट भिजतो, पण निथळतोही.

आणि पावसासाठी म्हणून जुना जोड राखून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. बूट पडून राहिले तरी वर्षांनी रबर कडक होतं, आणि चवड्याखालचं झिजलं की खालचा फोम उघडा पडतो. जुना जोड कोरड्या दिवसांत संपवा, पावसात नवा काढा.