शिलाँगहून एका दिवसात नोहकालिकाई, दुमजली मूळपूल आणि डावकी पाहून होईल का?
नाही, ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात नीट पाहून होत नाहीत; किमान दोन दिवस ठेवावेत आणि रात्रीचा मुक्काम सोहरा, म्हणजेच चेरापुंजी येथे करावा. नोहकालिकाई धबधबा समोरच्या कड्यावरून दिसतो. परंतु रबरवडाच्या जिवंत मुळांना वळण देऊन घडवलेल्या नोंगरियातच्या दुमजली पुलासाठी तिरना गावातून सुमारे ३,००० पायऱ्यांची वाट उतरावी आणि पुन्हा चढावी लागते, त्यामुळे तो दिवस त्यातच जातो. गुडघे कुरकुरत असतील, तर डावकीला जाताना थोडी वाट वाकडी करून रिवाईचा एकमजली पूल पाहावा. मात्र पावसाळ्यात धबधबे भरलेले असले, तरी बांगलादेश सीमेवरील डावकीची उमंगोट नदी गढूळ असते. नावेची सावली तळाच्या गोट्यांवर पडलेली पाहायची असल्यास हिवाळाच गाठावा.