पूर्वी कंटाळवाणा वाटलेला जुना हॉलिवूड संगीतपट पुन्हा पाहिला तर आवडू शकतो का?

आवडू शकतो. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) मी महाविद्यालयात असताना दादाने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, तेव्हा जीन केलीचे पावसातले नृत्य सोडले तर बाकी सारे मला उथळ वाटले होते. कथा थांबवून गाणी घुसवली आहेत, अशी माझी तक्रार होती. वस्तुतः गीतकार आर्थर फ्रीड आणि संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राऊन यांची बहुतेक गाणी आधीच तयार होती, त्यांतली कित्येक बोलपटाच्या आरंभकाळातली होती, आणि म्हणूनच पटकथाकारांनी कथा त्या काळात नेली. हे मला फार उशिरा कळले.

मधल्या काळात मी डबिंग कलाकार झाले. पहिलेच मोठे काम एका डब केलेल्या मालिकेचे होते; नायिकेचा सगळा आवाज माझा होता. पहिला भाग लागला त्या रात्री आई श्रेयनामावली संपेपर्यंत टीव्हीसमोरून उठली नाही. माझे नाव आले नाही. पुढचे कित्येक आठवडे ती तशीच शेवटपर्यंत बसत असे. दादाचे म्हणणे असे की चेहरा ज्याचा तोच कलाकार, आवाज देणारा तंत्रज्ञ. मग नाव कशाला हवे? हा वाद आमच्या घरात आजही मिटलेला नाही.

गेल्या वर्षी तोच चित्रपट पुन्हा पाहिला आणि तो माझ्याच कामाविषयी आहे हे प्रथमच ध्यानात आले. झुडपात लपवलेला मायक्रोफोन आणि मान वळली की नाहीसा होणारा, मूकपटांतून बोलपटांत आलेल्या लीना या तारकेचा आवाज, किंवा आवाज मागेपुढे सरकल्यामुळे नायिकेच्या तोंडी खलनायकाचे आणि खलनायकाच्या तोंडी नायिकेचे शब्द येतात तो प्रसंग, यांवर मी पोट धरून हसले, कारण ओठ आणि शब्द यांत क्षणभराचेही अंतर पडले तर काय होते हे मी रोज पाहते. पण खरे थक्क केले ते ध्वनिमुद्रणाच्या दृश्याने. लीनाच्या कर्कश आवाजाऐवजी आपला आवाज देणारी कॅथी मायक्रोफोनसमोर गाते, त्याच सुरावर लीना ओठ हलवते आणि तेच गाणे पुढे तयार चित्रपटात सरकते; आमचा सारा व्यवसाय काही मिनिटांत एका सलग ओघात उलगडतो.

आणि याच दृश्यात एक अन्याय दडलेला आहे. पडद्यावर लीनाला आवाज उसना देणाऱ्या कॅथीच्या, म्हणजे डेबी रेनॉल्ड्सच्या तोंडचे ते गाणे प्रत्यक्षात बेटी नॉयस या गायिकेने म्हटले होते, आणि लीनासाठी कॅथी संवाद म्हणते तिथे लीना साकारणाऱ्या जीन हेगनचाच मूळ आवाज वापरला आहे. पडद्यामागच्या गायिकेला न्याय मिळवून देणाऱ्या चित्रपटाने स्वतःच्या गायिकेचे नाव मात्र दिले नाही. आपल्याकडेही ‘महल’च्या (१९४९) ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी कामिनी हे पात्राचे नाव छापले होते. तो आवाजही केवळ तंत्रज्ञाचाच होता, असे दादाने एकदा म्हणून दाखवावे.

तुमच्या प्रश्नाकडे येते. चित्रपट तोच राहतो, पण तो ज्याविषयी आहे ते आपण मधल्या वर्षांत अनुभवलेले असते. तेव्हा अवश्य पुन्हा पाहा, आणि तुकड्यातुकड्यांत नव्हे तर एका बैठकीत पाहा. मात्र शेवटाकडचे ब्रॉडवेचे लांबलचक नृत्य मला आजही अनावश्यक वाटते, आणि प्रत्येक जुना संगीतपट असा पुन्हा उमलेल असे मी म्हणणार नाही. काही दुसऱ्यांदा पाहून मी अर्ध्यावर बंद केले आहेत.

दिवाळीत दादा आला तेव्हा त्याला शेवटचे दृश्य दाखवले. पडदा ओढला जातो, लीनाच्या मागे गाणारी कॅथी सर्वांना दिसते, ती लाजून पळत सुटते आणि तुम्हाला आवडलेला आवाज हिचा आहे असे जीन केलीने साकारलेला नायक डॉन भर प्रेक्षागृहात सांगतो. दादा काही बोलला नाही. आईने मात्र ते दृश्य पुन्हा लावायला सांगितले.