‘क्लिनिकल’ या एका शब्दाची फी

ताई, नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका खाजगी संस्थेने ‘क्लिनिकल’ एम.ए.ची फी पंधरा दिवसांत भरायला सांगितलीय. यजमान म्हणतात, बी.एड. करून मोकळी होऊ दे. आणि नणंदबाईंचा प्रश्न, “कारेलीबागेच्या दवाखान्यात वेड्यांबरोबर बसणार का ही?”

फी अजून भरू नका.

कोर्सच्या नावात ‘क्लिनिकल’ आहे म्हणून कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधांशिवाय मानसिक आजारांवर उपचार करणारा तज्ज्ञ, होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेला कोर्स लागतो. त्यानंतर परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव चढतं आणि नोंदणी क्रमांक मिळतो. आजवरचा रस्ता एम.ए. आणि त्यावर दोन वर्षांचं एम.फिल. असा होता, तेही रुग्णालयात वरिष्ठांच्या हाताखाली. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एम.फिल. बंद केलं, या विषयापुरती 2025-26 च्या प्रवेशांपर्यंत मुभा दिली. आता मांडणी बदलतेय, आणि अशा बदलाच्या काळातच चकचकीत माहितीपत्रकं जास्त निघतात. म्हणून संस्थेला लेखी विचारा: या कोर्सला, या वर्षासाठी, आरसीआयची मान्यता आहे का? रुग्ण कुठल्या दवाखान्यात बघायला मिळतील? आणि त्यांचं उत्तर परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीशी स्वतः ताडून पाहा. “प्रोसेसमध्ये आहे” याचा अर्थ ‘नाही’ असाच घ्या.

लेक म्हणते, “मला लोकांशी बोलायला आवडतं.” माझ्याकडे येणारी निम्मी मुलं हेच वाक्य घेऊन येतात. या कामात बोलायचं कमी असतं. तासभर समोरच्याचं ऐकायचं, मग नोंदी लिहायच्या, चाचण्यांचे गुण मोजायचे. तिला एकच विचारा: स्टॅटिस्टिक्सचा पेपर कसा गेला? तोंड वाकडं झालं तरी घाबरू नका, पण एम.ए.त तो विषय पुन्हा भेटणार आहे, हे तिला ठाऊक असू द्या.

नणंदबाईंना एवढंच सांगा की औषधं देणारा तो सायकिअॅट्रिस्ट, एमबीबीएस करून पुढे एम.डी. झालेला. हिचा रस्ता तो नव्हे.

आता घराजवळचं. सयाजीराव विद्यापीठातच मानसशास्त्राचं एम.ए. आहे आणि फी खाजगी संस्थांच्या मानाने फारच कमी. तिथल्याच समाजकार्य विद्याशाखेकडे आपल्या मराठी घरांचं लक्ष जात नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात एम.ए.च्या तोडीची पदवी, झालेली माणसं रुग्णालयांत काम करतात, कारखान्यांतही. मकरपुरा, नंदेसरी या औद्योगिक वसाहती काही लांब नाहीत. ह्यूमन रिसोर्सकडे कल असेल तर हाच दरवाजा. गुन्हे, न्यायालय असलं काही खुणावत असेल, तर गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात फॉरेन्सिक सायकॉलॉजी शिकवतात.

बी.एड. वाईट नाही. पण अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवायचं तर त्याच्या जोडीला एम.ए. लागतं. शाळेत समुपदेशक व्हायचं असेल तरीही आधी एम.ए. होऊ दे. सहा महिन्यांच्या ऑनलाइन डिप्लोम्यावर दुकान थाटणारी मंडळी मी पाहिलीत. समोर जीव द्यायच्या गोष्टी करणारं पोर बसलं की त्यांची भंबेरी उडते, आणि त्याची किंमत ते पोर मोजतं.

एक गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात: ती घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि मैत्रिणींत हिंदी बोलते. बडोद्यात राहून आपल्याला याचं काही वाटत नाही. पण माणूस रडतो, चिडतो, आईबद्दल सांगतो ते आपल्या भाषेत. तिन्ही भाषांत ऐकू शकणारी मुलगी इथल्या कुठल्याही दवाखान्याला हवीच असेल.

संस्थेचं लेखी उत्तर आलं की मला पाठवा. यजमानांना मात्र आजच सांगून टाका की पंधरा दिवसांची मुदत संस्थेची आहे, लेकीची नव्हे.