मन बसतच नाही, मग ध्यान सोडून देऊ का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी तरी मनःशांती, ध्यान आणि हीलिंग याच विषयावरची होती, त्यातली चार घेतेय. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण तोच प्रश्न बऱ्याच जणींनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय.

प्रश्न : ताई, मी ५४ वर्षांची, बडोद्यात रावपुऱ्यात राहते. सासूबाई ९ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं मीच केलं, मागच्या वर्षी त्या गेल्या. आता वेळच वेळ आहे पण मनाला शांती म्हणून नाही. रोज पहाटे देवघरासमोर अर्धा तास ध्यानाला बसते, मोबाइलवर म्युझिक लावते, पण डोळे मिटले की दूधवाल्याचा हिशोब, लेकीचं लग्न, आणि एकदा सासूबाईंवर मी ओरडले होते ते, सगळं सुरू होतं. उठते तेव्हा आधीपेक्षा जास्त थकलेली असते. माझ्या ग्रुपमधल्या बायकांना प्रकाश दिसतो म्हणे. माझ्यातच काही कमी आहे का? सोडून देऊ का?

उत्तर : ताई, सोडू नका. पण आत्ता जसं करताय तसंही करू नका.

आधी एक गोष्ट, डोळे मिटल्यामुळे तुमचे विचार वाढत नाहीयेत. रात्री लाइट जाते, पंखा बंद पडतो आणि मग कळतं की मोरीतला नळ गळतोय, पण नळ तर संध्याकाळपासूनच गळत होता ना, पंख्याच्या आवाजात ऐकू येत नव्हता एवढंच. ९ वर्षं तुमच्या घरात पंखा चालू होता, औषधाच्या वेळा, कूस बदलणं, चादरी, पेज, रात्रीची हाक. तो आता थांबलाय.

तुम्ही रावपुऱ्यात राहता म्हणून एक गोष्ट सांगते, तुमच्यापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावरची आहे. दांडिया बाजारातलं अरविंद निवास, म्हणजे श्री अरविंद राहायचे ते घर, तुम्ही पाहिलं असेलच. क्रांतिकारक आणि पुढे योगी झालेले श्री अरविंद १८९३ ते १९०६ अशी १३ वर्षं बडोद्यात संस्थानच्या नोकरीत होते. पुढे १९०७ च्या डिसेंबरात सुरतेचं काँग्रेसचं अधिवेशन मोडलं आणि त्यानंतर ते परत बडोद्याला आले, तेव्हा त्यांची गाठ विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याशी पडली. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत दोघं ३ दिवस बसले. लेल्यांनी त्यांना काय सांगितलं, तर बसा, विचार करू नका, मनाकडे फक्त बघत राहा, विचार बाहेरून आत येताना दिसतील, ते आत शिरायच्या आधीच त्यांना परत पाठवा. श्री अरविंदांनी पुढे लिहून ठेवलंय की विचार असे बाहेरून येताना दिसू शकतात हे आपल्याला कधी सुचलंच नव्हतं, पण सांगितलं तसं केलं आणि ३ दिवसांत मन शांत झालं.

आता यातले ३ दिवस धरून बसू नका हं, त्याआधी काही वर्षं ते रोज तासन्‌तास प्राणायाम करत होते. मला त्या सांगण्यातला एकच शब्द महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे बघा. तुम्ही पहाटे उठून विचारांशी भांडताय, एकेकाला धक्के मारून बाहेर काढताय आणि तो परत आला की स्वतःवर चिडताय, मग अर्ध्या तासानं थकायला होणार नाही तर काय होईल.

तर असं करून बघा. म्युझिक बंद, मोबाइल फक्त टायमरपुरता आणि तोही पालथा. अर्धा तास नको, १० मिनिटं पुरे. खाली मांडी घालून गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीवर बसा, देवाला चालतं. पहिली २ मिनिटं मनात ४ मोजत श्वास आत घ्या आणि ६ मोजत हळूहळू बाहेर सोडा, कारण श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे जलद होतात आणि सोडताना मंद होतात, त्यामुळे बाहेर जाणारा श्वास लांबवला की शरीराला आपोआप खुणावलं जातं की घाई नाहीये. मनगटावर बोटं ठेवून बघा, काही जणींना हा फरक नाडीत स्पष्ट लागतो. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणं लगेच सोडून द्या. नंतर श्वास जसा चालतोय तसा चालू द्या आणि नाकपुडीशी तो लागतो तिथे लक्ष ठेवा. मन जाईल, जाणारच. गेलंय हे लक्षात आलं की मनातल्या मनात फक्त नाव घ्या, 'हिशोब', 'लग्न', आणि परत श्वासावर या. १० मिनिटांत ४० वेळा गेलं आणि ४० वेळा परत आणलंत तर त्या दिवशी तुमचं ध्यान ४० वेळा झालं, हे मी समजूत काढायला म्हणत नाहीये, परत आणणं हेच ते काम आहे.

प्रकाशाचं म्हणाल तर कुणाला दिसतो, कुणाला नाही, त्यावरून कोण किती पुढे गेलं हे ठरत नाही. त्या बायकांना दिसत असेल तर छानच आहे. पण त्यांच्याशी तुलना करायला म्हणून पहाटे उठू नका.

आणि सासूबाईंवर ओरडल्याचं जे मनात येतं ना, ते वेगळं आहे. त्याला 'हिशोब'सारखं नाव देऊन बाजूला ठेवता येणार नाही, ते दुःख आहे आणि ते श्वास मोजून जायचं नाही. माझी आई ६ वर्षं आजारी होती, मीसुद्धा एकदा तिच्या हातातली वाटी हिसकावून घेतली होती, ती गेल्यावर कितीतरी महिने मला डोळे मिटले की तीच वाटी दिसायची. शेवटी एका दुपारी मी तिला पत्र लिहिलं, चांगलं ४ पानी, जे झालं ते सगळं लिहिलं, आणि नंतर ते मोठ्या बहिणीला फोनवर वाचून दाखवलं, दोघी खूप रडलो. वाटी अजून कधीतरी दिसते, पण छातीत कळ येत नाही. तुम्हीही लिहा. नाहीतर सासूबाईंच्या फोटोसमोर बसून मोठ्यानं बोला, घरात कुणी नसताना. ९ वर्षांत एकदा ओरडलात हे आठवतंय तर बाकीच्या दिवशी काय काय केलंत तेही त्यांना सांगा.

अजून एक, हे आधीच सांगायला हवं होतं खरं तर. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड, या ३ टेस्ट करून घ्या. इतकी वर्षं जागरणं झाली, वय पाळी जाण्याचं, त्यात आपल्याकडे शाकाहारी बायकांमध्ये बी-१२ कमी निघणं अगदी कॉमन आहे. थकवा आणि बेचैनी तिथूनही येते, आणि तशी असेल तर त्यावर औषध आहे.

प्रश्न : काकू, मी २६ वर्षांचा, मांजलपूरला राहतो. आईला बीपी आहे. २ महिन्यांपासून ती एका बाईंकडे एनर्जी हीलिंगला जाते, त्यांनी २१ सिटिंगचे ११ हजार घेतलेत आणि आता सांगितलंय की गोळ्यांमुळे ऊर्जा अडते, बंद करा. आईनं ४ दिवसांपासून गोळ्या सोडल्यात. पण तिला खरंच बरं वाटतंय, झोप लागते, चिडचिड कमी झालीय. मी बोललो तर भांडण होतं. काय करू?

उत्तर : अरे, हे वाचून झाल्या झाल्या आईच्या डॉक्टरांना फोन कर, गोळी सोडून ४ दिवस झालेत हे स्पष्ट सांग आणि ते म्हणतील तशी आजच सुरू कर. बीपी वाढलेलं असताना माणसाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, उलट छान वाटत असतं, आणि मग एकदम पॅरालिसिसचा झटका नाहीतर हार्ट अटॅक येतो, किडनीही हळूहळू खराब होते. म्हणून 'मला बरं वाटतंय' यावर बीपीची गोळी बंद करता येत नाही, कुणाच्याही सांगण्यावरून.

आता भांडणाचं. तू बहुतेक आईला म्हणाला असशील की हे सगळं थोतांड आहे, हो ना? ते म्हणू नकोस, कारण तिला वाटणारं बरं खरं आहे. शांत खोली, मंद दिवा, तासभर पडून राहायचं, कुणीतरी मायेनं डोक्यावर हात ठेवतंय आणि मध्येच 'जेवायला काय आहे' असं कुणी विचारत नाही, एवढ्यानं शरीर सैल पडतं, झोप सुधारते. हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७० च्या दशकात हेच अभ्यासलं होतं, की माणूस शांत बसून एकाच शब्दावर किंवा श्वासावर लक्ष ठेवतो तेव्हा नाडी आणि श्वास मंद होतात. म्हणजे शरीर निवांत होतं हे खरं. पण हातातून ऊर्जा जाऊन आजार बरा होतो हे कुठल्या अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही. रेकीचंच उदाहरण घे, हातांनी ऊर्जा द्यायची ही पद्धत १९२२ मध्ये जपानात मिकाओ उसुई यांनी सुरू केली, जगभर पसरली, आराम वाटतो असं सांगणारे खूप लोक आहेत, पण बीपीच्या गोळीची जागा ती घेऊ शकत नाही.

आईला असं सांग की तुला जायचं असेल तर जा, पण गोळी घेऊन जा. घरी बीपीचं मशीन आण, सकाळ-संध्याकाळ ५ मिनिटं शांत बसल्यावर मोजायचं आणि वहीत लिहायचं, आईलाच लिहू दे. आकडे खरंच खाली आले तर डॉक्टर स्वतः डोस कमी करतील, तो निर्णय त्यांचा. आणि जो कुणी हीलर औषध बंद करा म्हणतो, किंवा बरं वाटलं नाही तर तुमची श्रद्धा कमी पडली म्हणतो, त्याच्याकडे परत पाऊल टाकायचं नाही, पैसे भरलेले असले तरीही. ११ हजार गेले तर जाऊ देत.

मला एक सारखं जाणवत होतं तुझं पत्र वाचताना, की त्या बाई तिचं तासभर ऐकतात. रविवारी तिला घेऊन नारेश्वरला जा, नर्मदेच्या काठावर बसा दोघं, मोबाइल गाडीत ठेव. तिला बोलू दे.

प्रश्न : मला वर्षभरापासून पॅनिक अटॅक येतात, मानसोपचार डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, बराच फरक आहे. १० दिवसांच्या विपश्यनेला जाऊन गोळ्यांतून कायमचं मोकळं व्हावं असं वाटतं. जाऊ का? (वय २३, फतेहगंज)

उत्तर : आत्ता नको. विपश्यना चांगलीच आहे, सत्यनारायण गोएंका गुरुजींनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आणून शिकवायला सुरुवात केली, फी नाही, राहणं-जेवण सगळं आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून चालतं. पण हे शिबिर म्हणजे आराम नव्हे गं. पहाटे ४ ला उठायचं, दिवसाला साधारण १० तास बसायचं, दहाव्या दिवसापर्यंत कुणाशी बोलायचं नाही, फोन नाही. पहिले ३ दिवस फक्त श्वास आणि मग अंगावरच्या संवेदना बघायच्या. ज्या मुलीला छातीतल्या धडधडीचीच भीती बसलीय तिला एकटीनं, गप्प राहून, दिवसभर शरीराकडेच बघत बसणं झेपेल का हे तुझ्या डॉक्टरांनीच ठरवायला हवं. फॉर्ममध्ये आजार आणि गोळ्यांबद्दल विचारतात, तिथे एक अक्षरही लपवू नकोस. आणि गोळ्या सोडायला म्हणून जाऊच नकोस, या गोळ्या एकदम बंद केल्या तर त्रास उलटून येतो, त्या हळूहळू कमी करायच्या असतात.

तोवर रोज कमाटी बागेत २० मिनिटं चाल, पावलांकडे लक्ष ठेवून, डोळे उघडे. धडधड असलेल्यांना बसण्यापेक्षा हे बरेचदा सोपं जातं. रात्री-अपरात्री फार घाबरायला झालं आणि कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, फ्री आहे, २४ तास चालतो. सेव्ह करून ठेव.

प्रश्न : माझं वय ७१. ४० वर्षं रोज संध्याकाळी दत्ताचं नाम घेतो. नातू म्हणतो, आजोबा हे मेडिटेशन नाही, माइंडफुलनेस वेगळं असतं, ॲप घ्या. आता या वयात नव्यानं शिकू का? हल्ली जप करता करता डुलकीही लागते.

उत्तर : काका, तुम्ही काही शिकायचं राहिलेलं नाही. नातू म्हणतो ते माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्यावर लक्ष ठेवणं, अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये दुखण्यानं त्रासलेल्या पेशंटसाठी काही आठवड्यांच्या कोर्समध्ये बसवलं, आणि त्याचं मूळ आपल्याकडच्याच बौद्ध साधनेत आहे. चांगली गोष्ट आहे, त्याला करू दे. पण दत्तसंप्रदायातले संत टेंबे स्वामी यांचे शिष्य रंग अवधूत महाराज श्वासागणिक दत्तनाम घ्यायला सांगत, त्यात श्वास आला, लक्ष आलं आणि शिवाय ज्याच्यावर भार टाकावा असा दत्तही आला. तुमच्याकडे नातवापेक्षा एक गोष्ट जास्तच आहे.

डुलकीसाठी वेळ बदलून बघा. संध्याकाळी चहाच्या आधी, खिडकीशी, पाठ न टेकवता सरळ बसून, डोळे अर्धे उघडे ठेवून. नाम श्वास सोडताना घ्या. नवीन कुठली गोळी सुरू झाली असेल तर झोप तिच्यामुळे येतेय का ते डॉक्टरांना विचारा. आणि नातवाला म्हणावं, तू तुझं ॲप घेऊन माझ्या शेजारी बस, १५ मिनिटं, ज्याचं त्यानं करायचं, झालं की दोघांनी बरोबर चहा घ्यायचा.